लाईट जाऊन आली की टीव्हीला कॉम्प्युटर दिसत नाही: कारण कुठं आहे आणि इलाज काय

आमचं लातूरला खाली दुकान, वर घर. दुकानात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, आणि या सगळ्यासाठी एक कॉम्प्युटर. वर बैठकीत टीव्ही, त्याच्या मागं खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर घरचं सगळं साठवलेलं आहे. अप्पांची कीर्तनं, नीटच्या तयारीसाठी आमच्याकडं राहिलेल्या भाच्याचे क्लासचे व्हिडिओ आणि ताईच्या लग्नाची १९९२ सालची कॅसेट, जी मी नंतर डिजिटल करून घेतली. कॉम्प्युटरमधली फाइल वायफायवरून थेट टीव्हीवर लावायची, पेनड्राइव्ह घेऊन जिना चढायचा-उतरायचा नाही, एवढीच अपेक्षा होती.

दोन वर्षं हे कधी चाललं, कधी नाही. स्टिकवर व्हीएलसी हे व्हिडिओ लावायचं ॲप उघडायचं, ‘लोकल नेटवर्क’मध्ये जायचं, तिथं दुकानातल्या कॉम्प्युटरचं नाव यायला पाहिजे. कधी यायचं, कधी नुसतं गोल फिरत राहायचं आणि यादी रिकामी. त्याच वेळी यूट्यूब मात्र झकास चालू. त्यामुळं नेट आहे, वायफाय आहे, मग बिघडलंय काय, हेच कळायचं नाही. मग मी सगळे करतात तेच करायचो. स्टिक काढून लावायची, राऊटर बंद-चालू करायचा, कॉम्प्युटर रीस्टार्ट. तिन्हीपैकी कशानं तरी जमायचं आणि मी विसरून जायचो. आठ-दहा दिवसांनी अप्पा परत जिन्यातून हाक मारायचे, “अरे, वाड्याचं लाव की. आज बी दिसंना.”

वाड्याचं म्हणजे ती लग्नाची कॅसेट. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात वाडा बसला. माळवदावर बायका ओळीनं बसून हळद बघतायत, एवढा तीन-चार मिनिटांचा तुकडाच आता वाड्याचा उरलाय. अप्पा तिथं रिमोटनं थांबवतात. त्यामुळं हा बिघाड ‘बघू सावकाश’ म्हणून सोडून देता येत नव्हता.

बिघाड आईनं पकडला. शेंगा फोडत बसली होती, तिथूनच म्हणाली, “लाईट जराशी जाऊन आली की दिसतंय बघ. लई येळ गेली की दिसंना.” मी हसलो. लाईट किती वेळ गेली हे कॉम्प्युटरला काय कळणार? पण दुसरा काही धागा हातात नव्हता, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायला लागलो. लाईट किती वेळ गेली आणि नंतर टीव्हीवर कॉम्प्युटर दिसला का. पंधरा-वीस दिवसांत आईचं म्हणणं खरं निघालं. दहा मिनिटं, अर्धा तास गेली तर दिसतो. तीन-चार तास गेली, विशेषतः डीपी जळाल्यावर, तर हमखास दिसत नाही.

तुमच्याकडं हा बिघाड परत-परत होत असेल तर पहिलं काम हेच करा. वारंवार येणाऱ्या बिघाडाचा ठावठिकाणा बहुतेक वेळा तो ‘कधी’ येतो यात असतो. रीस्टार्ट करून चाललं म्हणजे दुरुस्त झालं असं नाही, उलट रीस्टार्टनं पुरावा पुसला जातो.

आता लाईटचा आणि याचा संबंध काय? इंटरनेटवाल्यानं बसवलेला फायबरचा डबा दुकानात आहे. त्यातच वायफाय आहे, आणि दुकानातला कॉम्प्युटर केबलनं त्यालाच जोडलेला आहे. वरच्या बैठकीत त्याची रेंज जेमतेम यायची, म्हणून मी जिन्यावरून एक केबल वर नेली आणि तिथं दुसरा राऊटर लावला. दोन्हींच्या वायफायला नाव एकच, पासवर्डही एकच. असं केलं की घरात फिरताना फोनचं वायफाय तुटत नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं. इन्व्हर्टर फक्त दुकानाला, कारण गिऱ्हाइकाचा अर्धा भरलेला फॉर्म उडाला की तो डोकं खातो. वरच्या बैठकीत इन्व्हर्टरची लाइन नाही.

लाईट थोडी गेली तर खालचा डबा इन्व्हर्टरवर चालूच राहतो. वरचा टीव्ही, स्टिक आणि वरचा राऊटर बंद पडतात. लाईट येते, स्टिक उठते, ओळखीचं वायफाय शोधते. वरच्या राऊटरचा सिग्नल अजून यायचा असतो, खालच्याचा आधीच हवेत असतो. स्टिक खालच्याला चिकटते. कॉम्प्युटर त्याच डब्यावर असतो, म्हणून दिसतो. चित्र अडकत-अडकत येतं, पण येतं. ते अडकणं मी वेगळाच बिघाड समजत होतो!

लाईट तीन-चार तास गेली तर इन्व्हर्टरही बसतो. मग लाईट आल्यावर सगळेच शून्यापासून सुरू होतात. वरचा छोटा राऊटर मिनिटभरात तयार होतो. फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. स्टिक वरच्याला चिकटते. सिग्नल जबरदस्त, यूट्यूब पळतंय, आणि कॉम्प्युटर गायब.

गायब का, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. टीव्ही कॉम्प्युटरला कसा शोधतो? डीएलएनए नावाच्या पद्धतीत स्टिक नेटवर्कवर दवंडी पिटते, “इथं कुणी व्हिडिओ देणारा आहे का?” तांत्रिक भाषेत हा निरोप २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्याच्या ठरावीक दारावर, जातो. ज्याच्याकडं व्हिडिओ असतील तो ‘मी आहे’ म्हणतो आणि यादीत त्याचं नाव येतं. पण दवंडी गावच्या वेशीपर्यंतच ऐकू जाते. दुसरा राऊटर साध्या पद्धतीनं जोडला की तो स्वतःची वेगळी वेस उभी करतो. वर एक गाव, खाली एक गाव. दोन्ही गावांतून बाहेरचा रस्ता आहे, म्हणून इंटरनेट दोन्हीकडं चालतं. दवंडी मात्र वेस ओलांडत नाही.

तुमच्याकडं असंच आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. कॉम्प्युटरवर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा, केबल असेल तर ‘इथरनेट’, नसेल तर ‘वायफाय’, त्यात आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या यंत्राचा नंबर, लिहिलेला असतो. स्टिकवर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या माहितीत तिचा पत्ता असतो. दोन्ही कागदावर एकाखाली एक लिहा. माझ्याकडं कॉम्प्युटर १९२.१६८.१.५ आणि स्टिक १९२.१६८.०.१०३ निघाली. घरगुती राऊटरमध्ये सहसा पहिले तीन आकडे सारखे असले तर गाव एक, नसले तर गावं दोन. माझ्याकडं तिसराच आकडा वेगळा होता, आणि दोन वर्षांचा सगळा घोळ त्या एका आकड्यात होता. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. त्या यंत्राला राऊटरनं पत्ताच दिलेला नाही, त्यानं स्वतःच एक ठेवून घेतलाय. तिथं आधी केबल किंवा वायफायची जोडणी तपासा.

इथं एक चकवा आहे, त्यात मी महिनाभर फसलो. वरच्या गावातून खालच्या गावातला पत्ता हातानं टाकला तर तो बहुधा उघडतो, कारण वरचा राऊटर बाहेर जाणारी वाट अडवत नाही. उलट्या दिशेनं मात्र नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ‘कास्ट’ केलं तर स्टिक कधीच सापडायची नाही. मला वाटलं, दवंडी नको, पत्ताच टाकू. म्हणून कॉम्प्युटरवर जेलीफिन टाकलं. ते फुकट आहे, कॉम्प्युटरवर सर्व्हर म्हणून चालतं आणि स्टिकवर त्याचं ॲप मिळतं. ॲपमध्ये १९२.१६८.१.५ आणि पुढं ८०९६ हा पोर्ट टाकला, चाललं. मी खूष. महिन्यानं परत बंद, कारण कॉम्प्युटरचा पत्ता बदलून शेवटी ५ चा ९ झाला होता. त्यावर पुढं येतो.

आधी दोन गावांचं एक गाव करायचं. वरच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, राऊटर परत सुरू होऊ द्या, काम झालं. नव्या राऊटरांत हा पर्याय बहुतेक असतो. माझा जुना होता, त्यात नव्हता, म्हणून हातानं करावं लागलं. इथं क्रम चुकला की फजिती होते. माझी झाली. मी आधी डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम बंद केलं. लॅपटॉपला पत्ता मिळेना, राऊटरचं पान उघडेना. शेवटी मागच्या बारीक भोकात टाचणी दहा सेकंद दाबून राऊटर कोरा केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

बरोबर क्रम असा. खालून आलेली केबल आधी वरच्या राऊटरमधून काढून बाजूला ठेवा, नाहीतर पुढच्या पायरीत दोन्ही बाजूंचे पत्ते भांडतात आणि राऊटर बदल घेतच नाही. लॅपटॉप वरच्या राऊटरला जोडा, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका. माझा १९२.१६८.०.१ होता, बहुतेकांचा तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता बदलून खालच्या गावातला द्या, मी १९२.१६८.१.२ दिला. जतन केलं की पान बंद पडतं. घाबरू नका, ते आता नव्या पत्त्यावर उघडेल. लॅपटॉपचं वायफाय एकदा तोडून जोडा, नवा पत्ता टाका, आणि आता डीएचसीपी बंद करा. शेवटी ती केबल परत लावा, पण ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात नाही. ते भोक कायमचं रिकामं सोडायचं. ‘लॅन’ लिहिलेल्या कुठल्याही भोकात लावायची.

आणि खालच्या डब्यात जाऊन बघा, तो कुठल्या आकड्यापासून पत्ते वाटतो. तो २ पासूनच वाटत असेल तर एखाद्या दिवशी वरच्या राऊटरचाच पत्ता दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा होईल. मी वाटप २० पासून सुरू केलं, खालचे आकडे राखून ठेवले.

यानंतर स्टिकचा पत्ता आला १९२.१६८.१.२३. व्हीएलसीच्या यादीत कॉम्प्युटरचं नाव हजर. आता ती वरच्याला चिकटली काय आणि खालच्याला चिकटली काय, गाव एकच. एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवण्याचा सल्ला तसा बरोबरच होता, फक्त गाव एक असलं तर.

आता पत्ता बदलण्याचं. राऊटर पत्ते भाड्यानं देतो, विकत नाही. मुदत संपली किंवा राऊटर बंद पडून परत सुरू झाला की तोच पत्ता मिळेल याची खात्री नसते. काही डबे मागची वही विसरूनच उठतात. स्टिकवरच्या ॲपनं मात्र जुना पत्ता पाठ केलेला असतो. इलाज म्हणजे राऊटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक डीएचसीपी’ नावाची जागा शोधायची आणि तिथं कॉम्प्युटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, लिहून त्याच्यासमोर एक आयपी कायमचा बांधून टाकायचा. मॅक पत्ता त्याच विंडोजच्या पानावर ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून दिसतो. मी १९२.१६८.१.१० बांधला आणि जेलीफिनच्या ॲपमध्ये तोच टाकला. कॉम्प्युटर वायफायवर असेल तर विंडोजमधलं ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ बंद आहे ना, बघून घ्या. ते चालू असलं तर कॉम्प्युटर राऊटरपुढं खऱ्या नावानं जातच नाही, मग पत्ता बांधणार कुणासाठी?

एवढं करून वर्षभर सुख होतं. मग गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि फायबरचा डबा जळाला. इंटरनेटवाल्यानं दुसरा लावून दिला. टीव्हीवरून कॉम्प्युटर परत गायब!

या वेळी दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. पहिली सोपी. नव्या डब्याची पत्त्यांची मालिकाच वेगळी होती, तिसरा आकडा १ नव्हे, १००. माझी बांधलेली वहीही अर्थात जुन्या डब्याबरोबर गेली. मी नव्या डब्याची मालिका बदलून परत १९२.१६८.१ केली, वाटप २० पासून केलं, १० नंबर परत बांधला. वरच्या राऊटरला हात लावावा लागला नाही.

दुसरी गोष्ट लपलेली होती. डबा बदलला की विंडोजला वाटतं आपण नव्या जागी आलो, आणि अनोळखी जागेला ते ‘पब्लिक’ समजतं, म्हणजे बसस्टँडवरच्या वायफायसारखं. तिथं ते स्वतःला लपवतं, शेजारच्या यंत्रांना ओळख दाखवत नाही. पत्ते बरोबर, गाव एक, पण कॉम्प्युटरनंच आतून कडी लावलेली. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मात ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय असतात. घरच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ करायचं. शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रायव्हेटखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू आहे का, तेही बघायचं. जेलीफिनसारखा सर्व्हर पहिल्यांदा चालवताना विंडोज फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणारा राखणदार, एक चौकट दाखवतो, तिथं आपण बहुतेक फक्त प्रायव्हेटला परवानगी देतो. मग नेटवर्क पब्लिक झालं की ती परवानगी आपोआप निरुपयोगी.

या टप्प्यावर पुष्कळजण ‘पिंग’ करून, म्हणजे ‘आहेस का’ असा छोटा निरोप धाडून, बघतात, उत्तर नाही म्हणजे जोडणी नाही असं धरतात. तसं धरू नका. विंडोज पब्लिक नेटवर्कवर पिंगला सहसा उत्तर देत नाही. सर्व्हर चालू असूनही पिंग गप्प राहू शकतं. त्यापेक्षा खरी कसोटी तिसऱ्या यंत्रानं घ्या. तुमचा फोन घ्या, मोबाइल डेटा बंद करा (हे विसरलात तर कसोटीला अर्थ नाही), टीव्हीच्याच वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता आणि पोर्ट टाका. जेलीफिनला ८०९६, प्लेक्स हा तसलाच दुसरा सर्व्हर असेल तर ३२४००. पान उघडलं तर कॉम्प्युटर आणि राऊटर दोघेही सुटले, दोष स्टिकमध्ये किंवा तिच्या ॲपमध्ये. पान नाही उघडलं तर स्टिकला दोष देणं थांबवा. या एका कसोटीनं मी अर्धे बिघाड जागच्या जागी ओळखतो. दुकानातली गिऱ्हाइकंही आता टीव्हीच्या तक्रारी घेऊन येतात, फॉर्म भरायच्या बहाण्यानं.

त्यांच्यापैकी निम्म्यांचं दुखणं वेगळं असतं. त्यांनी सर्व्हर टाकलेला नसतो, नुसता फोल्डर शेअर केलेला असतो. कॉम्प्युटर यादीत दिसतो, नाव दाबलं की नाव आणि पासवर्ड मागतो, आणि कुठलाच पासवर्ड चालत नाही. कारण ते पिन टाकतात. कॉम्प्युटर उघडताना टाकायचा चार आकडी पिन त्या कॉम्प्युटरपुरताच असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो तर रोज पिन टाकून-टाकून सगळे विसरलेले असतात. माझा उपाय म्हणजे विंडोजमध्ये ‘टीव्ही’ नावाचं एक वेगळं स्थानिक खातं काढायचं, त्याला साधा पण खरा पासवर्ड द्यायचा, आणि व्हिडिओच्या फोल्डरवर फक्त वाचायची परवानगी द्यायची. ही परवानगी दोन ठिकाणी लागते, ‘शेअरिंग’च्या टॅबमध्ये आणि ‘सिक्युरिटी’च्या टॅबमध्येही. एकीकडं दिली आणि दुसरीकडं विसरलात तर फोल्डर दिसेल, पण आतलं काही उघडणार नाही. पासवर्ड कोरा ठेवू नका. बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

जुना टीव्ही बॉक्स असेल तर आणखी एक अडचण येते. तो फोल्डर शेअर करायच्या एसएमबी१ नावाच्या जुन्या बोलीत बोलतो, आणि २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती बोली विंडोजमध्ये मुळात बसवलेलीच नसते. इंटरनेटवर सांगणारे पुष्कळ भेटतील की विंडोजच्या वैशिष्ट्यांच्या यादीत जाऊन एसएमबी१ चालू करा, लगेच चालेल. चालेल, खोटं नाही. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या बोलीतल्या भोकातून. माझ्या कॉम्प्युटरवर लोकांच्या आधारकार्डाच्या, सातबाराच्या प्रती असतात. मी टीव्हीसाठी ते दार उघडणार नाही, तुम्हीही उघडू नका. कोडी हे व्हिडिओचं ॲप वापरत असाल तर त्याच्या एसएमबीच्या सेटिंगमध्ये किमान आवृत्ती दोन, कमाल तीन ठेवा. बॉक्सला दोन-तीन जमतच नसेल तर फोल्डर सोडा आणि जेलीफिनकडं वळा.

बाकीच्या बारीक गोष्टी. कॉम्प्युटर झोपला असेल तर तो दिसणार नाही, हे इतकं उघड आहे की सगळ्यात शेवटी आठवतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल. वेगळा अँटीव्हायरस असेल तर तो बहुधा स्वतःची फायरवॉल घेऊन येतो, मग विंडोजमधली परवानगी पुरत नाही, त्याच्यातही द्यावी लागते. स्टिक ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर कॉम्प्युटर दिसणारच नाही, ते त्यासाठीच बनवलंय. पाहुण्याला बैठकीत बसवायचं, माजघरात नाही. राऊटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ नावाचं बटण चालू असेल तर तोच प्रकार सगळ्यांनाच. आणि २.४ की ५ गिगाहर्ट्झ यावर डोकं घालवू नका. एकाच राऊटरचे दोन्ही पट्टे एकाच गावात येतात. ५ चा सिग्नल जाड भिंतीतून कमी जातो, एवढंच.

भाच्यानं केलेला प्रकार मात्र माझ्या डोक्यात आलाच नसता. परीक्षेच्या आधी एकदा नेट बंद होतं, तर यानं स्टिक स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडली. पुढं तो घरात असला आणि हॉटस्पॉट चालू असला की स्टिक गुपचूप त्यालाच जाऊन चिकटायची. पठ्ठ्याचा रोजचा डेटा संध्याकाळीच संपायचा, आणि अप्पांना वाडा दिसायचा नाही. पत्ते कागदावर लिहिले तेव्हा उघडकीला आलं. स्टिकच्या आठवणीतून ते नेटवर्क पुसून टाकलं, ‘फरगेट’ म्हणतात ते.

वीजपुरवठ्याचंही एक आहे. स्टिकची केबल टीव्हीच्या यूएसबीत खोचू नका. साध्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलीअँपियर मिळतात, स्टिकला जोर लावताना तेवढे पुरत नाहीत. मग ती मध्येच बंद पडून उठते, आणि तुम्ही वायफायला शिव्या घालत बसता. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा.

सगळं झाल्यावर कसोटी घेतल्याशिवाय दुरुस्त झालं म्हणू नका. बिघाड लांबलेल्या लाईटनं येत होता, म्हणून कसोटीही तशीच हवी. रविवारी दुकान बंद होतं. मी आधी कॉम्प्युटर नीट बंद केला, मग मेन स्विच पाडला आणि इन्व्हर्टरही बंद केला. पंखे थांबले, आई वरून ओरडली. दहा मिनिटं थांबलो, मग सगळं एकदम चालू. वरचा राऊटर आधी उठला, स्टिक त्याला चिकटली, खालचा डबा नंतर आला. स्टिकचा पत्ता बघितला, १९२.१६८.१.२३. दुसऱ्यांदा फक्त वरची लाइन पाडली, इन्व्हर्टर चालू ठेवून, म्हणजे स्टिक खालच्याला चिकटेल. तेव्हाही कॉम्प्युटर दिसला. तिसऱ्यांदा करायला गेलो तर आई म्हणाली, “आता बास की. फ्रीजमधलं दूध नासवतूस का?”

टीव्हीच्या मागं एक कागद चिकटवलाय. त्यावर वरच्या राऊटरचा पत्ता १.२, कॉम्प्युटरचा १.१०, पोर्ट ८०९६, ‘टीव्ही’ खात्याचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘प्रायव्हेट’. पासवर्ड लिहिलेला नाही, तो आईला पाठ आहे.

एक गोष्ट अजून राहिलीय, पण ती जोडणीची नाही. लग्नाच्या फाइलचा आवाज स्टिकवर येत नव्हता, कॉम्प्युटरवर यायचा. कॅसेट उतरवून देणाऱ्यानं आवाज स्टिकला न कळणाऱ्या जुन्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज साठवायच्या जुन्या पद्धतीत, भरला होता. जेलीफिन ते चालवताना बदलून देतं, फक्त कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरतो. अप्पांना त्याचं काही नाही. माळवदाचा तुकडा ते आवाजाशिवायच बघतात, थांबवून.